लष्करी सामग्रीचे न पुसणारे नाव

मार्च २००८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यावर एक विलक्षण कबुली देण्याची पाळी आली. तैवानने हेलिकॉप्टरसाठी बॅटऱ्या मागविल्या होत्या आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये त्या रवानाही झाल्या, असे कागद सांगत होते. प्रत्यक्षात तैवानच्या गोदामात जाऊन पडले होते ते ‘मिनिटमन’ या आंतरखंडीय क्षेपणास्त्राच्या अग्रभागात बसविले जाणारे चार भाग. अण्वस्त्राचा स्फोट घडवून आणणाऱ्या यंत्रणेशी ते संबंधित होते आणि साहजिकच गोपनीय होते. त्यांत अणुस्फोटक द्रव्य नव्हते, हीच काय ती समाधानाची बाब. वायोमिंगमधील वॉरन हवाई तळावरून हे भाग २००५ मध्ये युटामधील हिल हवाई तळावर आले, तेथील गोदामात सामान्य मालासारखे पडून राहिले आणि मागणी येताच बॅटऱ्या समजून परदेशी गेले. चुकीचा माल आल्याचे तैवानने कळविले, तेव्हाही दुसऱ्याच प्रकारच्या बॅटऱ्या गेल्या असाव्यात, एवढाच तर्क प्रथम केला गेला. नेमके काय गेले आहे याचा उलगडा होईपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता.

महासत्तेच्या गलथानपणाचा मासला म्हणून ही हकीकत जगभर चघळली गेली. पुरवठ्याच्या व्यवहाराशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांना मात्र तीत एक जुनीच व्यथा दिसली असेल. गोदामातील प्रत्येक वस्तू तीन ठिकाणी नांदत असते. एक ती वस्तू स्वतः, दुसरे तिचे वेष्टन आणि तिसरी हिशेबवहीतील तिची नोंद. या तिन्हींचा मेळ आहे तोवर सारे सुरळीत असते. तो एकदा तुटला, की बंद खोक्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवण्यापलीकडे कारकुनाच्या हाती काही उरत नाही. वस्तूच्या अंगावरच तिचे नाव असेल आणि ते वाचण्याची शिस्त असेल, तर वेष्टन बदलले वा नोंद चुकली तरी चूक सापडू शकते. लष्करी सामग्रीच्या पुरवठादारांवर कायमस्वरूपी ओळखचिन्ह उमटविण्याची जी सक्ती असते, तिच्या मुळाशी हा साधा विचार आहे. अमेरिकी संरक्षण खात्याने तो जितक्या तपशिलाने नियमबद्ध केला, तितका क्वचितच कोणी केला असेल. त्या खात्याला माल देणाऱ्या बड्या कंपन्यांसाठी आता आपल्याकडील कारखानेही सुटे भाग बनवितात. त्यामुळे हा विषय वाटतो तितका दूरचा राहिलेला नाही.

सरकारी मालावर खूण करण्याची प्रथा फार जुनी आहे. ब्रिटिश सरकारच्या मालकीच्या वस्तूंवर बाणाच्या फाळासारखे एक चिन्ह उमटविले जाई. तोफांपासून तंबूंपर्यंत सर्वत्र ते आढळे आणि जुन्या लष्करी भंगारात आजही सापडते. हे चिन्ह पुसणे किंवा परवानगीवाचून वापरणे हा १८७५ च्या ब्रिटिश कायद्याने गुन्हा ठरविला होता. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तेथील काडतुसांच्या पितळी बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही ‘किर्की फॅक्टरी’ची इंग्रजी आद्याक्षरे ठोकलेली असत. जोडीला वर्ष असे. शस्त्रांच्या अभ्यासकाला एवढ्यावरून काडतूस कोठले आणि कधीचे हे सांगता येते. ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीकडे आहे आणि तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही ओळखचिन्ह नसलेल्या अग्निशस्त्राच्या विक्रीस व हस्तांतरणास बंदी घातली असून असे चिन्ह खोडणे हा अपराध मानला आहे.

ही सारी चिन्हे मालक कोण, किंवा फार तर कर्ता कोण, एवढेच सांगत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेपुढे वेगळीच अडचण उभी राहिली. एकच बोल्ट लष्कर एका नावाने मागवी, नौदल दुसऱ्या आणि हवाई दल तिसऱ्या. एका गोदामात तो धूळ खात पडलेला असे आणि शेजारच्या गोदामात त्याच्यावाचून वाहन अडलेले असे. या गोंधळातून १९५२ मध्ये संरक्षण सामग्रीच्या सूचीकरणाचा व मानकीकरणाचा कायदा झाला. पुढे १९७४ पासून तेरा अंकी साठा क्रमांक रूढ झाला. त्यातील पहिले चार अंक वस्तूचा वर्ग सांगतात, पुढचे दोन अंक ज्या देशाने क्रमांक दिला त्याचे असतात आणि उरलेले सात त्या वस्तूचे. नाटो संघटनेने ही पद्धत स्वीकारली, संघटनेबाहेरील अनेक देशही तीत सामील झाले. त्यांत भारत आहे. भारताच्या वाट्याचे दोन अंक ७२ असे आहेत आणि येथील काम संरक्षण मंत्रालयाचे मानकीकरण संचालनालय पाहते.

परंतु साठा क्रमांक हे जातीचे नाव झाले, व्यक्तीचे नव्हे. एका नमुन्याच्या दहा हजार पंपांचा क्रमांक एकच असतो. त्यांतला कोणता पंप तीनदा दुरुस्त झाला आहे, कोणता वॉरंटीत आहे, कोणता सदोष तुकडीतला आहे, हे त्यावरून कळत नाही. शांततेच्या काळात ही उणीव खपून जाते. १९९१ च्या आखाती युद्धात ती उघडी पडली. सुमारे ४० हजार कंटेनर त्या वेळी युद्धक्षेत्रात पाठविले गेले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक, केवळ आत काय आहे हे पाहण्यासाठी, वाळवंटात उघडावे लागले. मागविलेला माल कोठे आहे हे कळेना, म्हणून तुकड्या तोच माल पुन्हा पुन्हा मागवीत आणि ढिगात भर पडे. बारा वर्षांनी इराकमध्ये पुन्हा तेच घडले. पाठविलेला माल आणि पोहोचल्याची पावती मिळालेला माल यांत १.२ अब्ज डॉलरची तफावत असल्याचे अमेरिकी काँग्रेसच्या लेखापाल कार्यालयाने डिसेंबर २००३ मध्ये नोंदविले.

तोवर खात्याने पाऊल उचलले होते. २९ जुलै २००३ रोजी शस्त्रखरेदी विभागाचे तत्कालीन हंगामी उपमंत्री मायकेल विन यांनी एक परिपत्रक काढले. १ जानेवारी २००४ पासून निघणाऱ्या प्रत्येक निविदेत, पुरविल्या जाणाऱ्या ठरावीक वस्तूंवर यंत्राने वाचता येईल असा आणि जगात दुसऱ्या कोणत्याही वस्तूवर नसेल असा क्रमांक उमटविण्याची अट घालावी, असे त्यात म्हटले होते. पुढे ही अट संरक्षण खरेदीच्या नियमावलीत २५२.२११-७००३ या क्रमांकाचे कलम म्हणून कायम झाली. एका नगाची किंमत ५ हजार डॉलर किंवा अधिक असेल तर चिन्ह लागतेच. किंमत त्याहून कमी असली तरी जी वस्तू अनुक्रमांकाने सांभाळली जाते, जिच्यावाचून मोहीम अडते किंवा जिच्यावर विशेष नियंत्रण आहे, तिलाही ते लागते. मोठ्या यंत्राच्या पोटातले महत्त्वाचे भाग करारात नमूद केलेले असतील तर त्यांनाही स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. म्हणजे इंजिनावर चिन्ह लावून सुटका होत नाही, इंजिनातल्या पंपाचाही वेगळा विचार करावा लागतो.

चिन्ह कसे असावे हे सांगणारे मानक म्हणजे ‘मिल-एसटीडी-१३०’. ते २००३ च्या कितीतरी आधीपासून होते, पण नव्या धोरणानंतर त्याचा गाभाच बदलला. आधी माणसाने वाचायची अक्षरे पुरत. उत्पादकाचा संकेतांक, भागाचा क्रमांक आणि असल्यास अनुक्रमांक एवढे दिसले की काम भागे. आता त्यांच्या जोडीला ‘डेटा मॅट्रिक्स’ हा काळ्यापांढऱ्या चौकटींचा चौरस आला. सध्या दुकानोदुकानी दिसणाऱ्या क्यूआर कोडचाच हा भाऊबंद, फक्त त्याच्या कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन नसतात. त्याच्या दोन बाजू सलग रेघेच्या असतात आणि उरलेल्या दोन तुटक. त्यावरून यंत्राला चौरसाची दिशा आणि आतील घरांची मोजणी कळते. माहितीबरोबरच चुका सुधारणारी जादा माहितीही त्यात गणिती रीतीने विखरून ठेवलेली असते. त्यामुळे चौरसाचा काही भाग खरवडला, ग्रीसने माखला तरी उरलेल्या भागावरून पूर्ण क्रमांक मिळू शकतो. नखाएवढ्या जागेत हे सारे मावते. रणगाड्याखाली चिखलात लोळणाऱ्या भागासाठी हा गुण मोठाच म्हणायचा.

क्रमांकाची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण पुरवठादारांचे पाय बहुधा येथेच घसरतात. प्रत्येक कंपनीला पाच अक्षरांचा एक संकेतांक मिळतो. अमेरिकेत त्याला ‘केज कोड’ म्हणतात, बाहेरच्या देशांतील कंपन्यांसाठी तो ‘एनकेज’ होतो. कंपनी आपल्या सर्व उत्पादनांत एकही अनुक्रमांक दुसऱ्यांदा देत नसेल, तर संकेतांक आणि अनुक्रमांक यांची जोड पुरते. पण बहुतेक कारखान्यांत प्रत्येक नमुन्याची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. पंपही १०१ क्रमांकाचा असतो आणि झडपही. अशा वेळी मधे भागाचा मूळ क्रमांक किंवा तुकडीचा क्रमांक घालावा लागतो. एकाच संकेतांकाखाली दोन शहरांत कारखाने चालविणाऱ्या कंपनीने पहिला मार्ग निवडला आणि दोन्हीकडे १०१ उमटले, तर खात्याची नोंदवही दुसऱ्याला स्वीकारत नाही. तोवर भाग मात्र कोरून, रंगवून, खोक्यात भरून तयार असतो. संकेतांक नेमका कोणाचा लावायचा, स्वतःचा की ज्याने काम दिले त्याचा, हाही नेहमीचा पेच. त्याचे उत्तर असे, की क्रमांक दुबार होणार नाही याची हमी जो घेतो त्याचा.

एकदा दिलेला हा क्रमांक वस्तूच्या अखेरपर्यंत बदलत नाही. वस्तूत पुढे फेरफार झाले, तिचा भाग-क्रमांक बदलला, ती दुसऱ्या यंत्रात गेली, दुसऱ्या कंपनीने तिची दुरुस्ती केली, तरी मूळ ओळख तीच राहते. लग्नानंतर मुलीचे नाव-आडनाव दोन्ही बदलण्याची रीत आपल्याकडे होती, पण शाळेच्या दाखल्यावरचे नाव काही बदलत नसे. तसाच हा प्रकार. नवा भाग-क्रमांक वेगळा नोंदविला जातो आणि ओळखीत मात्र जन्माच्या वेळचाच राहतो. म्हणूनच फेरफार करणाऱ्या कारखान्याने जुने चिन्ह ‘चुकीचे’ समजून घासून टाकणे ही गंभीर चूक ठरते.

दुसरी खाच डोळ्यांना दिसत नाही. डेटा मॅट्रिक्समध्ये केवळ अक्षरे ओळीने भरून भागत नाही. कोणता तुकडा संकेतांक, कोणता भाग-क्रमांक, कोणता अनुक्रमांक हे यंत्राला कळावे म्हणून प्रत्येकापुढे ठरावीक खूण असते आणि दोन तुकड्यांमध्ये छापता न येणारी, पडद्यावरही न उमटणारी विभाजक चिन्हे असतात. शिवाय या खुणांच्या तीन पद्धती मान्य आहेत. एक सर्वसाधारण उद्योगांची, एक किरकोळ व्यापारातील बारकोडवाल्यांची आणि एक विमान कंपन्यांची. खात्याने तिघांनाही सामावून घेतले ही समंजसपणाची गोष्ट. पण अट अशी, की एका चौरसात एकाच पद्धतीने बोलायचे. लेबल बनविणारा साध्या संगणकावर मजकूर टंकित करून चौरस छापतो, मोबाइलवर तो वाचला जातो, सर्व अक्षरे बरोबर दिसतात आणि तपासनीस मात्र माल परत पाठवितो. अदृश्य विभाजक गळालेले असतात! व्याकरणाची चूक अर्थ कळत असूनही चूकच असते, हे शाळेतील मास्तरांचे म्हणणे येथे तंतोतंत लागू पडते. ओळखीच्या क्रमांकात इंग्रजी मोठी लिपी, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढेच चालते. रिकामी जागादेखील चालत नाही.

आता प्रश्न उमटविण्याचा. मानकाची मुख्य मागणी अशी, की चिन्ह वस्तूच्या अपेक्षित आयुष्याइतके टिकले पाहिजे आणि वस्तूला ज्या चाचण्या व धुलाया सोसाव्या लागतात त्या त्यानेही सोसल्या पाहिजेत. त्याच वेळी वस्तूच्या कामाला त्याने बाध आणता कामा नये. या दोन मागण्या परस्परांशी भांडतात. लग्नातल्या स्टीलच्या भांड्यांवर नाव घालणारा कारागीर ज्या थरथरत्या टोकाच्या यंत्राने टिंबाटिंबांची अक्षरे उमटवितो, त्याचेच सुधारलेले रूप म्हणजे कारखान्यातील ‘डॉट पीन’ यंत्र. संगणकाच्या आज्ञेने ते धातूवर खड्डे पाडत जाते. हे चिन्ह रंगाखालीही टिकते. परंतु पातेल्याला खड्डा पडल्याने काही बिघडत नाही, मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या पात्याचे तसे नसते. खोल टिंबाच्या काठाशी ताण साचतो आणि तेथून तडा सुरू होऊ शकतो. लेझरने खोदकाम बारीक व सुबक होते, पण उष्णतेने काही मिश्रधातूंच्या पृष्ठभागाचे गुण बदलतात आणि सूक्ष्म भेगा पडण्याची भीती राहते. विद्युत-रासायनिक एचिंगमध्ये साच्यातून सौम्य विद्युत्प्रवाह व द्रावण यांच्या साहाय्याने खूण उठविली जाते. तिने ताण कमी येतो, मात्र वस्तू वीजवाहक हवी आणि नंतर द्रावण नीट धुतले गेले पाहिजे, नाहीतर गंज आपले काम सुरू करतो. म्हणूनच चिन्ह कोठे व कसे करायचे हे ठरविण्याचा अधिकार आराखडा करणाऱ्या अभियंत्याचा असतो. ज्या भागावर विमानाची सुरक्षितता अवलंबून आहे त्यावर ‘जागा मोकळी दिसली’ म्हणून कोरणाऱ्या कामगाराने नकळत अपघाताची पायाभरणी केलेली असते.

जेथे थेट कोरणे शक्य नाही तेथे धातूची पट्टी किंवा चिकटलेबल चालते. स्क्रूने वा रिव्हेटने बसविलेली ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची पट्टी बरीच वर्षे टिकते. चिकटलेबल स्वस्त पडते, पण इंधन, हायड्रॉलिक तेल आणि वाफेच्या माऱ्यापुढे ते किती काळ तग धरील हे पाहूनच निवडावे लागते. अगदी लहान वस्तूंवर काहीच मावत नसेल तर सोबत चिठ्ठी बांधण्याची किंवा पिशवीवर चिन्ह करण्याची सोय मानकात आहे. तिचा आधार शेवटचा म्हणून घ्यावा हे बरे, कारण पिशवी फाटली की वस्तू पुन्हा निनावी होते. चिन्ह उमटल्यावर ते वाचता येते एवढ्याने भागत नाही. पडताळणी यंत्राने त्याची प्रत मोजून श्रेणी द्यावी लागते. वाचणे म्हणजे आज कळले, आणि पडताळणे म्हणजे दहा वर्षांच्या झिजेनंतरही कळेल इतके ते चांगले आहे, असा हा फरक. लहान कारखानदार साधे वाचक यंत्र घेतात आणि पडताळणी यंत्राचा खर्च टाळतात. वाद उद्भवतो तो त्यातूनच.

वस्तूवरचे चिन्ह आणि वेष्टनावरचे लेबल या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांची गल्लत होऊ नये. वेष्टनासाठी ‘मिल-एसटीडी-१२९’ हे निराळे मानक आहे. आत काय आहे, किती नग आहेत, साठा क्रमांक व कराराचा क्रमांक काय, कोणत्या पद्धतीने व केव्हा बांधले, खराब होणारा माल असेल तर मुदत कोणती, हे त्यानुसार वेष्टनाच्या प्रत्येक थरावर लिहायचे असते. वेष्टनाचे काम वस्तू पोहोचली की संपते, अंगावरच्या चिन्हाचे काम तेव्हा सुरू होते.

माल सुपूर्द करताना पुरवठादाराने क्रमांक, किंमत आणि कराराचा तपशील संगणकीय प्रणालीतून खात्याच्या नोंदवहीत धाडायचा असतो. मालाची स्वीकृती आणि बिलाचे पैसे याच प्रणालीतून पुढे सरकतात. त्यामुळे कोरीव कामातील एका अक्षराची चूक थेट वसुलीला जाऊन भिडते. मूळ कंत्राटदार बडी कंपनी असली तरी तिने ही अट खालच्या पुरवठादारांवर सोपविलेली असते. त्यांच्याकडे ती येते ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील टिपेत एका ओळीने, की ‘मिल-एसटीडी-१३० प्रमाणे चिन्हांकित करावे’. भाव सांगताना त्या ओळीकडे काणाडोळा करणाऱ्या उद्योजकाला नंतर यंत्र, पडताळणी, प्रशिक्षण आणि नाकारलेला माल असा चौफेर खर्च सोसावा लागतो. प्रचंड यंत्रणेच्या शिस्तीचा सर्वाधिक जाच सर्वांत लहान घटकाला व्हावा हे न्याय्य नव्हे. परंतु ओळ छोटी आहे म्हणून तिचा अर्थ छोटा आहे, असे समजण्यात शहाणपण नाही.

इतका खटाटोप करून साधले काय? येथे हिशेब सरळ जमत नाही. नव्या मालावर चिन्हे होऊ लागली, पण आधीच वापरात असलेल्या कोट्यवधी वस्तूंचे काय, हा प्रश्न राहिला. त्यांवर चिन्हे करण्याचे काम फार मागे पडल्याचे लेखापाल कार्यालयाने २०१२ मध्ये दाखवून दिले. चिन्ह असूनही ते कोणी लिहून घेतले नाही तर काय होते, याचा दाखला इराकने दिला होताच. २००४ व २००५ मध्ये इराकी सुरक्षा दलांना दिलेल्या शस्त्रांपैकी सुमारे १ लाख १० हजार एके-४७ रायफली आणि ८० हजार पिस्तुले, अशा एकूण १ लाख ९० हजार शस्त्रांचा हिशेब लागत नाही, असे याच कार्यालयाच्या जुलै २००७ च्या अहवालात आहे. वस्तुतः प्रत्येक कारखानदार बंदुकीवर अनुक्रमांक घालतोच. बहुतेक शस्त्रांचे अनुक्रमांक वाटपाच्या वेळी नोंदविलेच गेले नव्हते.

खोट्या चिन्हांचा धोका तर याहून वेगळा आहे. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र दल समितीने मे २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात संशयित बनावट इलेक्ट्रॉनिक भागांची सुमारे १,८०० प्रकरणे आणि त्यांत गुंतलेले दहा लाखांहून अधिक भाग यांची माहिती आहे. त्यांतील बहुतेकांचा माग चीनपर्यंत पोहोचला. टाकाऊ संगणकांतून काढलेल्या चिप धुवायच्या, वरची अक्षरे घासून काढायची, काळा लेप द्यायचा आणि त्यावर नवा क्रमांक व नवी तारीख छापायची, असा हा धंदा. नवेपणाची ग्वाही देणारे चिन्हच फसवणुकीचे साधन बनले होते. अशा चिप मालवाहू विमानांच्या आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरच्या यंत्रणांत आढळल्या. चिप उड्डाणात केव्हा दगा देईल हे वैमानिकाला कळण्याचा मार्ग नसतो. यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या संरक्षण पुरवठा संस्थेने २०१२ मध्ये सूक्ष्म मंडलांच्या पुरवठादारांवर, वनस्पतीजन्य डीएनएची खूण असलेल्या शाईने चिन्हांकन करण्याची अट घातली. अक्षरांची नक्कल करता येते, डीएनएच्या क्रमाची सहजासहजी नाही, हा त्यामागचा हेतू.

अगदी अलीकडचे उदाहरण एफ-३५ या लढाऊ विमानाचे. मे २०२३ मध्ये लेखापाल कार्यालयाने सांगितले, की या विमानाचे दहा लाखांहून अधिक सुटे भाग २०१८ पासून हरवल्याचे मुख्य कंत्राटदाराने कळविले असून त्यांची किंमत साडेआठ कोटी डॉलरच्या वर आहे. खात्याच्या कार्यालयाने त्यांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी प्रकरणे तपासली होती. हे भाग सरकारच्या मालकीचे, पण पडलेले जगभरच्या कंत्राटदारांच्या गोदामांत आणि सरकारच्या मालमत्ता-नोंदीत ते चढलेच नव्हते. कोरीव काम उत्तम असेल, पण ते वाचून कोठे लिहायचे हे ठरलेले नसेल, तर ते न केल्यासारखेच. २०१८ मध्ये प्रथमच झालेल्या संपूर्ण लेखापरीक्षणात पेंटॅगॉन नापास झाले आणि २०२४ पर्यंतच्या सातही वर्षांत तो निकाल बदलला नाही. पुरवठादाराच्या एका चुकलेल्या अक्षरावर माल परत पाठविणाऱ्या खात्याची ही स्थिती आहे, हे नमूद करणे भाग आहे.

तैवानच्या प्रकरणात दैवाने आणखी एक वळण घेतले. २००३ चे ते परिपत्रक काढणारे मायकेल विन पुढे हवाई दलाचे मंत्री झाले. नासिकाग्राच्या भागांची चौकशी ॲडमिरल कर्कलँड डोनाल्ड यांच्याकडे सोपविली गेली. तिच्या निष्कर्षांनंतर ५ जून २००८ रोजी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी विन आणि हवाई दलप्रमुख जनरल मायकेल मोझले या दोघांचे राजीनामे जाहीर केले. अण्वस्त्रे बसविलेली क्षेपणास्त्रे ऑगस्ट २००७ मध्ये चुकून विमानाला लावून देशभर नेल्याची घटनाही त्यास कारणीभूत होती. प्रत्येक वस्तूला तिचे नाव असावे म्हणून ज्यांनी आग्रह धरला, त्यांच्याच कारकिर्दीत बेपत्ता वस्तूंचा ठपका त्यांच्यावर यावा, यात विन यांचा दोष किती आणि हवाई दलातील जुन्या ढिलाईचा किती, याची चर्चा पुढे बराच काळ चालू राहिली.

नियम मात्र तसाच चालू आहे. भाग झिजला, मोडला, भंगारात गेला, तर तो निकामी करताना चिन्हाचीही विल्हेवाट लावावी लागते, कारण अंगावर खरे चिन्ह असलेले भंगार बनावट माल खपविणाऱ्यांच्या फार उपयोगी पडते. नोंदवहीतील त्या ओळीपुढे वस्तू नष्ट झाल्याचा शेरा पडतो. ओळ तेवढी खोडली जात नाही आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणत्याही वस्तूला पुन्हा दिला जात नाही.